शॉक, टेन्शन, डिप्रेशन आणि ट्रॉमा यांस अनावृत पत्र

प्रति,
श्री. शॉक, श्री. टेन्शन, श्रीमती डिप्रेशन आणि चि. ट्रॉमा,
मुक्काम : मराठी माणसाची जीभ.

स. न. वि. वि.

बोईसर स्थानकात डहाणू लोकल लेट झाली, की गाडीच्या आधी श्री. टेन्शन फलाटावर हजर. रिक्षावाल्याने चित्रालयचं भाडं वाढवून सांगितलं, की शॉक बसतो. मोबाइल रात्रभर चार्ज झाला नाही, तर कॉलेजातल्या पोराला डिप्रेशन येतं आणि वडापावात सुकी चटणी नसली, तर ट्रॉमा होतो. इतकी तत्पर सेवा पालघर जिल्ह्यात दुसरं कोणतंही खातं देत नाही. त्याबद्दल आपलं जाहीर अभिनंदन.

आपली घराणी थोर आहेत, याबद्दल वाद नाही. शॉक यांचं जुनं काम रणांगणावरचं, दोन सैन्यांच्या टकरीचं. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्याने सैनिकांचं अंग थरथरू लागलं, वाचा गेली, तेव्हा डॉक्टर चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘शेल शॉक’ या नावाने त्यावर लिहिलं. ट्रॉमा मूळचे ग्रीक. पिढ्यान्‌पिढ्या ते शल्यविशारदांकडे शरीरावरच्या जखमा सांभाळत होते. मनाच्या जखमेसाठी अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत त्यांना १९८० साली कायम जागा मिळाली. तीसुद्धा व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी रेटा लावला म्हणून.

अशा मातब्बरांना बोईसरात चटणीच्या कामाला जुंपलं जातं.

शॉक आणि टेन्शन यांना तर इथे दोन-दोन नोकऱ्या. शेजारच्या तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देतं आहे आणि मनोऱ्यांवरच्या तारांना गावोगाव ‘हाय टेन्शन’ म्हणतात. विजेचा शॉक लागतो, बातमीचा बसतो; मराठीने क्रियापद बदलून दोन्ही हजेऱ्या वेगळ्या ठेवल्या. टेन्शन मात्र उधारीसारखं घेतलं जातं, दिलं जातं आणि वर कोणी फेडत नाही.

तक्रार एवढीच, की खरी गरज पडते तेव्हा आपली पत संपलेली असते. ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्फोट होऊन आठ जणांचा जीव गेला. त्याआधी नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे धक्के सुरू झाले होते आणि माणसं घर सोडून तंबूत झोपत होती. पायाखालची जमीन खरोखर सरकत होती. ज्याने ट्रॉमा वडापावावर खर्च केला, त्याने अशा रात्रीसाठी शिल्लक काय ठेवलं?

श्रीमती डिप्रेशन यांचं एक पुण्य मात्र नोंदवलं पाहिजे. ‘डोक्यावर परिणाम झालाय’ म्हणून माणूस लपवणाऱ्या घरांना त्यांच्या नावाने डॉक्टरकडे जायला तोंड मिळालं. ते काम त्यांनी चालू ठेवावं, आणि तेवढंच ठेवावं.

बाकीच्या जागांसाठी औद्योगिक वसाहतीतली जुनी मागणी भाषेलाही लावावी : भूमिपुत्रांना प्राधान्य. लोकल चुकली तर वैताग, भाडं वाढलं तर चरफड, निकालाआधी धाकधूक, पोर रात्री घरी आलं नाही तर जिवाची घालमेल, स्फोटाच्या आवाजाचा धसका. सगळे अनुभवी उमेदवार आहेत आणि घरी बसून आहेत. परप्रांतीयांशी वैर नाही. दहशत आणि हैराण फारसीतून आले, मन लावून राबले आणि इथलेच झाले.

तरी बदलीचा अर्ज त्वरित करावा. ज्याच्यावर खरीच वेळ आली असेल, त्याने मात्र शब्दांच्या या भांडणात पडू नये. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

कळावे. लोभ आहेच, तो थोडा कमी करावा.

आपले,
समस्त बोईसरकर