वाचकाचं माती परीक्षण

परभणीत ‘शिफारस’ हा शब्द पुस्तकाच्या आधी बियाण्याला लागतो. कृषी विद्यापीठ इथं १९७२ पासून आहे. रान भारी की हलकं, पाण्याची सोय आहे की नाही, हे विचारल्याशिवाय तिथला माणूस ज्वारीचं वाण सांगत नाही. कादंबरी सुचवणारे मात्र ‘वाचाच!’ म्हणतात आणि मोकळे होतात. सहा महिन्यांनी पुस्तक परत येतं, तेव्हा खूण अकराव्या पानावर असते. सबब, इथून पुढं जिल्ह्यात कुणीही माती परीक्षणाशिवाय कुणाला कादंबरी सुचवू नये.

आधी नमुना. मातीचा नमुना बांधालगत, झाडाखाली, उकिरड्याजवळ घेत नाहीत. नुकतंच खत टाकलेल्या रानात तर नाहीच. वाचकाचंही तेच. २०२५ साली ‘छावा’ सिनेमा पाहून आलेल्यानं त्याच रात्री शिवाजी सावंतांची कादंबरी मागितली, तर तो खताचा परिणाम. पंधरा दिवस थांबावं. तरी मागितली तर द्यावी. ‘मला सगळंच आवडतं’ म्हणणाऱ्याचा नमुना फेकून द्यावा. आवडतं पुस्तक तर विचारूच नये. त्या प्रश्नाला माणूस मुलगी पाहायला आल्यासारखा बसतो आणि ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘कोसला’ अशी तीन वजनदार नावं सांगतो.

विचारायचं ते हे : अर्ध्यात सोडलेलं पुस्तक कोणतं? इथं माणूस खरं बोलतो. ओळखीतल्या एका निवृत्त तलाठी काकांनी ‘पानिपत’ सोडलं होतं. का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “शेवट ठावूक हाय ना बाप्पा, उगं कशाला जीव जाळायचा?” एवढ्यावर निदान झालं. काकांना बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार द्यावा. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. साठा काकांच्या पेन्शनीला पुरून उरेल.

‘रडू येईल असं काही दे’ म्हणणाऱ्या मावशींना विचारावं, दुसऱ्याचं रडायचंय की आपलं? दुसऱ्याचं असेल तर टीव्हीवर मालिका आहेत. आपलं असेल तर रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’. १९७१ ची, शिंप्याच्या घरातली, त्याच्या बायकोच्या तोंडून, आपल्या बोलीत.

आता घरचं वाण. बी. रघुनाथ म्हटलं की परभणीकर सभागृहाचा रस्ता दाखवतो. तिथं भाषणं ऐकतो, सत्कार पाहतो, नाश्ता करून घरी येतो. दारावर ज्याचं नाव आहे त्यानं ‘आडगावचे चौधरी’, ‘जगाला कळले पाहिजे’ अशा कादंबऱ्या लिहिल्या, हे मात्र जगाला सोडा, गल्लीलाही कळलेलं नसतं. निजामी राजवटीत सरकारी कचेरीत कारकुनी करत लिहिणारा हा माणूस १९५३ साली, अवघ्या चाळिशीत गेला. फायलींना वैतागलेला वाचक भेटला की डोळे झाकून हीच शिफारस करावी. जमीन तीच आहे, फक्त साहेब बदलले.

सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे वाण देताना पुरस्काराची वाच्यता करू नये. ती कळली की आमच्याकडे माणूस पुस्तक काचेच्या कपाटात ठेवतो. पुण्यात राहून गावाची ओढ लागलेल्या पुतण्याला तर हे जपून द्यावं. त्याला चुलीवरची भाकर हवी असते, आणि इथं गावचं राजकारण निघतं.

पन्नास पानांत उगवण दिसली नाही, तर दुबार पेरणी. बोगस बियाण्याची तक्रार तालुक्याला कृषी अधिकाऱ्याकडे करता येते. कादंबरीची तक्रार टपरीवर आपणच ऐकून घ्यायची असते, आणि चहाचे पैसेही आपणच द्यायचे असतात.

दिलेलं पुस्तक वहीत लिहून ठेवा. माझी ‘पाचोळा’ चार वर्षांपासून मानवतला कुणाकडे तरी आहे. वाचली असो नसो, आणून द्यावी. मावशी थांबल्या आहेत.