तंबाखू, पण बड्या घरची

अंगाला तंबाखूचा वास यावा म्हणून लोक वीस हजारांच्या वर रुपये मोजतात, हे निपाणीच्या वखारीतल्या बाईला सांगून बघा. पदर तोंडाला लावून हसेल ती. तिच्या लुगड्याला तो वास फुकटात चिकटतो आणि धुऊनही जात नाही.

टॉम फोर्डचं ‘टोबॅको व्हॅनिल’ आलं २००७ साली. त्यात तंबाखूचं पान आहे, पण आजोबांच्या चंचीतलं नव्हे. सोबतीला व्हॅनिला, कोको, टोंका नावाची बी, मसाले, सुकी फळं. चुन्याचा तेवढा पत्ता नाही. आता या सरंजामाची हुबेहूब नक्कल आखातातल्या अत्तरवाल्यांकडे पाचव्या हिश्शाहूनही कमी पैशांत मिळते. शौकीन मंडळी तिला ‘क्लोन’ म्हणतात. कुठल्याही सुगंधात काय काय आहे, याचा बराचसा कच्चा चिठ्ठा गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचं यंत्र काढून देतं. शिवाय टोंकातलं कुमारिन १८६८ पासून आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन १८७४ पासून प्रयोगशाळेत बनतं आहे. म्हणजे गोडव्यापुरती तरी गरिबाची सोय दीडशे वर्षांपूर्वीच झाली.

मी डाव्या मनगटावर महागडं लावलं (मॉलमधल्या टेस्टरचं, हे सांगायला नकोच) आणि उजव्यावर स्वस्त. उजव्या मनगटाने सुरुवातीला नुसता स्पिरिटचा भपकारा सोडला. अर्ध्या तासात मात्र ते असं वळणावर आलं की डावं-उजवं करणं कठीण. फरक कळला तो संध्याकाळी. डाव्यावर अजून मनुका होत्या, मध होता, खाली कोरडं पान होतं. उजव्यावर फक्त साखर उरली होती. खात्री करायला दोन्ही हात आईच्या नाकाशी नेले. ती म्हणाली, “दोन्हीकडे शिराच आहे. ह्यात केळं घातलंय एवढंच.”

वीस हजारांचा फरक एका केळ्यात मिटला!

तरी माझं मत स्वस्ताच्याच बाजूने. महागड्या बाटलीचा मालक हात आखडून असतो. लग्नमुंजीला एक फवारा, तोही कॉलरच्या आत. स्वस्तवाला सढळ हाताने मारतो, लिफ्टमधल्या लोकांनाही वाटा देतो. (लोकांना तो हवा असतो का, हा प्रश्न वेगळा.) “कुठलं लावलंय हो?” असं विचारलं की महागडा माणूस नाव सांगून किमतीच्या प्रश्नाची वाट बघत थांबतो. स्वस्तवाला “असंच आपलं” म्हणून विषय बदलतो.

मीही “असंच आपलं”च म्हणतो. फक्त मॉलमधून येताना कोणी विचारलंच, तर डावं मनगट पुढे करतो.