व्हाळ बुजवणाऱ्या साहेबांस

साहेब,

तुमचं नाव इथं लिहीत नाही. मालवण तालुक्यात ज्या ज्या वाडीच्या लाल मातीवर चुन्याच्या पांढऱ्या रेघा पडल्यात, तिथल्या माणसांना हे पत्र आपल्याच साहेबांना लिहिलंय असं वाटेल. वाटू दे.

पहिल्यांदा आलात तेव्हा आमच्या पडवीत बसून कोकम सरबत प्यायलात आणि म्हणालात, "काय शांतता आहे हो इथं!" ती शांतता आज तुम्ही गुंठ्याच्या भावाने विकताय. तुमच्या जाहिरातीत आमचा सडा आहे, सड्यावरून दिसणारा समुद्र आहे, शेणाने सारवलेलं आमचं खळंही आहे. त्या खळ्यात बसून सोलं वाळत घालणाऱ्या माझ्या सासूबाई तेवढ्या चित्रातून काढून टाकल्यात.

जमीन घेताना गावात कुणाला एका शब्दाने विचारलं नाहीत. आमच्या सातबाऱ्यावर बत्तीस नावं, त्यातली निम्म्याहून जास्त माणसं मुंबईत. परळपासून नालासोपाऱ्यापर्यंत एकेकाचं दार तुम्ही वाजवलंत. कुणाकडे आजारपण, कुणाचे खोलीचे हप्ते थकलेले, कुणाच्या मुलीचं लग्न. माझ्या चुलतदिरांनीही सही केली. त्यांच्यावर राग आहेच माझा, पण त्यांच्या अडचणीचा माग काढत तुम्ही तिथवर पोचलात, त्याला काय म्हणू? बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकत घेता येत नाही, असं कूळकायद्याचं ६३ वं कलम सांगतं. तुमच्या फायलीत शेतकरी असल्याचा दाखला आहे म्हणे. मिरगात एकदा चिखलात उतरा आणि नांगराची मूठ कशी धरतात ते आमच्या पोरांना दाखवा.

ह्या जमिनीसाठी माझ्या आजेसासऱ्यांनी खोताच्या अंगणात उभं राहून अर्धं आयुष्य काढलं. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. १ एप्रिल १९५७ ला, कृषक दिनी, कसणारी कुळं मालक झाली. तरी जमीन फुकट मिळाली नव्हती. किंमत ठरली आणि ती त्यांनी हप्त्याहप्त्याने फेडली. त्या पावत्या अजून घरात पत्र्याच्या पेटीत आहेत. तुमच्या हाती ती जमीन एका मुखत्यारपत्रावर आली.

सड्याच्या कडेला त्यांनी घातलेला गडगा होता. चुना नाही, सिमेंट नाही. जांभा दगड हातात घेऊन फिरवून बघायचा, बसेल तिथं बसवायचा, फटीत चिप घालायची. पावसाळ्यात तो शेवाळाने हिरवागार व्हायचा, फटीफटीतून नेचे यायचे, एका कोपऱ्यात मुंगसाचं बीळ होतं. गडग्याला जिथं बेडं होतं तिथले दोन दगड माणसांच्या पायांनी गुळगुळीत झालेले. लग्न होऊन आले तेव्हा त्याच दगडांवर पाय देऊन मी पहिल्यांदा सड्यावर गेले, डोक्यावर पेजेचं भांडं घेऊन. तुमच्या यंत्राने तो सकाळच्या चहाच्या आत पाडला आणि तेच दगड तुमच्या रस्त्याखाली भराव म्हणून गेले.

गडग्याचं दुःख माझं एकटीचं आहे असं समजा. व्हाळाचं, म्हणजे आमच्या ओढ्याचं, सगळ्या वाडीचं आहे. आमच्याकडे चार महिन्यांत सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि उतारावरून बघता बघता समुद्राला मिळतो. म्हणून दिवाळी झाली की घरटी एक माणूस व्हाळावर जायचं. दगड, माती, पेंढा, झाडाच्या फांद्या घालून बांध घालायचा. कुणी कुणाला मजुरी द्यायची नाही, दुपारी सगळ्यांनी मिळून उकड्या तांदळाची पेज आणि सुकं खायचं. त्या अडवलेल्या पाण्यावर खालच्या कोपऱ्यांत वायंगणी भात व्हायचा, विहिरींना मे महिन्यापर्यंत पाणी राहायचं. तुम्ही उतार कापून मोकळी झालेली माती त्या व्हाळाच्या तोंडातच लोटलीत, कारण नकाशात तिथं आखीव रस्ता हवा होता.

सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवून एवढंच म्हणाल्या, "व्हाळ बुजवल्यानी? मगे पावसाचा पाणी खंय जातला?"

जुलैत ते पाणी खालच्या तीन घरांच्या पडवीतून गेलं. गोठ्यात गुडघाभर लाल चिखल, तरवा अख्खा गाडला गेला. आणि मार्चमध्ये त्याच घरांच्या विहिरींनी तळ दाखवला. तुमचा माणूस म्हणाला, विकास म्हटला की थोडं सोसावं लागतं.

सोसलंय, साहेब. १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण झाली, तिच्यासाठी जमिनी गेल्या. पण आज गणपतीला मुंबईची माणसं त्याच गाडीने घरी येतात. हायवे रुंद झाला तेव्हा सावलीची जुनी झाडं गेली. चिपीला २०२१ पासून विमान उतरतं. आम्ही गाव काचेच्या कपाटात ठेवा म्हटलेलं नाही. माझ्या मुलीने भात लावावा असा माझा हट्टही नाही. पण ती सुट्टीला आली की विहिरीत पाणी असावं, सड्यावर जायला वाट असावी. त्या वाटेवर आज तुमचं लोखंडी फाटक आहे, आणि आतल्या बारा बंगल्यांपैकी अकरांना वर्षभर कुलूप असतं.

तलाठ्याकडे जुना नकाशा आहे. त्यात व्हाळ दाखवलेला आहे आणि पाणंदही. त्याची नक्कल आम्ही काढली आहे, अर्जावर वाडीतल्या सगळ्या घरांच्या सह्या झाल्यात, मुंबईहून चुलतदिरांचीही आली. मिरगाच्या आधी माती काढून घ्या. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी आम्ही पूर्वीच्याच जागी बांध घालायला येणार आहोत. फाटकावरच्या रखवालदाराला तेवढं सांगून ठेवा.

खालच्या वाडीतली एक शेतकरीण