मुंबईला जायचं, म्हणून कल्याणला

डोंबिवलीच्या माणसाला मुंबईला जायचं असलं की तो आधी कल्याणला जातो. परगावच्या पाहुण्यांना हे काही केल्या पटत नाही. आमच्या पुण्याच्या मेव्हण्यांनी तर मोबाइलवर नकाशा काढून दाखवला. मुंबई इकडे, कल्याण बरोबर उलट्या दिशेला. मी म्हटलं, "नकाशात बसायला जागा दिसतेय का कुठे?"

याला आमच्याकडे रिटर्न मारणं म्हणतात. मुंबईहून आलेली जी फास्ट कल्याणला संपते आणि तिथूनच उलटी सुटते, ती डोंबिवलीला गाठायची. सकाळच्या त्या वेळी डाऊन गाडी बऱ्यापैकी रिकामी असते. जागा धरायची, कल्याणला न उतरता तसंच बसून राहायचं आणि मग खऱ्या प्रवासाला लागायचं. सीएसएमटी डोंबिवलीपासून ४८ किलोमीटर. एवढं अंतर एका पायावर, दुसऱ्याच्या डबेवाल्या पिशवीशी गाल घासत जाण्यापेक्षा थोडं उलटं गेलेलं काय वाईट? त्यासाठी पास मात्र कल्याणचा काढावा लागतो. राहायला डोंबिवलीत, मतदान डोंबिवलीत, आणि पास कल्याणचा.

नवखा माणूस इथेच फसतो. गाडी कल्याणकडे धावत असताना तो ऐटीत वाऱ्याच्या दिशेला तोंड करून बसतो. मुरलेला रिटर्नवाला गाडीच्या दिशेकडे पाठ करून बसतो, कारण कल्याणनंतर गाडी फिरली की वारा त्याच्या तोंडावर येणार. सकाळी मुंबईकडे जाताना ऊन डावीकडून येतं, म्हणजे तेव्हा जी उजवी होईल ती बाजू आत्ता डावी असते. हे गणित गाडी फलाटाला लागण्याआधी सोडवायचं असतं. आमच्या ग्रुपमधले एक बँकवाले काका हे गणित धावता धावता सोडवतात, आणि बसल्यावर खिशातला कंगवा काढून डोक्यावरच्या अडलेल्या पंख्याचं पातं ढकलून तो सुरूही करतात. कंगव्याचा दुसरा काही उपयोग त्यांना गेली कित्येक वर्षं उरलेला नाही.

कल्याणला गाडी थांबायच्या आतच कल्याणकर आत उड्या टाकतात आणि पाहतात तर काय, खिडक्या गेलेल्या! "ही गाडी कल्याणची आहे," असं कोणीतरी रोज सुनावतं. "तुमचं स्टेशन मागे राहिलं." आम्ही ऐकू न आल्यासारखं करतो. काही जणांना तर ठाकुर्ली यायच्या आतच गाढ झोप लागलेली असते. मग तिघांच्या बाकावर कल्याणकर चौथा म्हणून टेकतो. चौथी सीट म्हणजे अर्धा माणूस बाकावर आणि उरलेला अर्धा नशिबावर.

खरी कसोटी पुढे असते. वीस-पंचवीस मिनिटांपूर्वी डोंबिवलीहून निघालेला मी पुन्हा डोंबिवलीलाच पोचतो. प्रगती म्हणावी तर शून्य. पण मघाशी मी फलाटावर होतो आणि आता खिडकीत आहे, एवढ्या फरकासाठी माणसं निवडणुका लढवतात. फलाटावर अख्खी डोंबिवली उभी असते. त्यात आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. घरातून माझ्यानंतर निघालेले, आंघोळीला मला पाणी कमी सोडणारे. आमची नजरानजर होते. "काय हो, अजून इथेच?" ते फलाटावरूनच ओरडतात. मी उत्तर देईपर्यंत गर्दी त्यांना उचलून दुसऱ्या दाराकडे घेऊन गेलेली असते. ठाण्यापर्यंत त्यांची फक्त बॅग दिसते, कुणाच्या तरी डोक्यावर.

आता कोणी म्हणेल, डोंबिवलीहून सुटणारी डोंबिवली लोकल आहे की, ती का पकडत नाही? एक तर ती बहुधा स्लो. आणि दुसरं म्हणजे ती डोंबिवलीत शिरते तेव्हा दिवा-कोपरची मंडळी त्यात आधीच पाय पसरून बसलेली असतात. हा मात्र निव्वळ अन्याय आहे. आमची गाडी, आमच्या स्टेशनाचं नाव लावून येते, आणि तिच्यात बसायला दिवेकरांनी उलटं यायचं? काही रीतभात आहे की नाही? बायको म्हणते, तुम्ही कल्याणकरांशी हेच करता. ते वेगळं. तिच्या लेडीज डब्यात म्हणे सगळं शिस्तीत चालतं. शिरल्या शिरल्या "कुठे उतरणार?" विचारून नंबर लावायचा; घाटकोपरवालीच्या जागेवर माझा नंबर, माझ्यानंतर ह्यांचा. या शिस्तीतून झालेली भांडणंही ती मला रोज रात्री जेवताना सविस्तर सांगते.

या रिटर्नपायीच माझ्या मावसभावाने कल्याणचा फ्लॅट विकला. डोंबिवलीकरांच्या नावाने बोटं मोडत तो बदलापूरला गेला. गाडी तिथूनच सुटते, आता कोण आडवं येणार? पहिल्याच सोमवारी बदलापूर लोकल फलाटाला लागली, तर तिच्यात अंबरनाथकर बसलेले. संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाजात संताप होता, पण मला थोडं बरं वाटलं, खोटं कशाला बोला. हल्ली तो बदलापूरहून आधी कर्जतला जातो आणि तिथून बसून येतो. घरातून निघताना पहाट असते, त्यामुळे मुलं त्याला रविवारीच ओळखतात. मध्यंतरी तो कर्जतलाच घर बघत होता. त्याच्या बायकोने मात्र आधी चौकशी केली, की कर्जतकर रिटर्न मारायला कुठे जातात. कोणीतरी खोपोली म्हणालं. खोपोलीला रूळच संपतात हे कळल्यावर तिने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तिथल्याच जागांचे भाव विचारले.