धूर निघाला, पण इंजिनातून नव्हे

भडगावात रेल्वे नाही. गाडी धरायची तर कजगाव नाहीतर पाचोरा गाठा. म्हणून हौशी माणूस गाडीची प्रतिकृती टेबलावरच आणतो: १:८७ प्रमाणाचं इंजिन, १६.५ मिलिमीटरचा रूळ. मग जुन्या इंजिनात डिजिटल डीकोडर (रुळातून आलेले आदेश ओळखून मोटर चालवणारी चकती) बसवायची हुक्की येते. बसवताक्षणी धूर! घरचे टाळ्या वाजवतात. वाफेचं इंजिन झालं ना!

गोम अशी, की जुन्या मोटरचा एक ब्रश बहुधा इंजिनाच्या सांगाड्याला, म्हणजे पर्यायानं रुळाला, जोडलेला असतो. रुळातली वीज त्या वाटेनं डीकोडरच्या आउटपुटात शिरते आणि तो जळतो. मल्टीमीटरनं तपासून मोटर आधी सांगाड्यापासून वेगळी करायची असते. पण मल्टीमीटर लावणं म्हणजे आपल्याकडे कमीपणा. 'चालू करून बघू' हीच आपली तपासणी.

पाचोरा-जामनेरची खरी छोटी गाडी २०२० पासून बंद आहे. तिच्यात निदान डीकोडर तरी कुणी बसवला नव्हता.