मामांची एक्सपी

माझ्या व्हिजिटिंग कार्डावर ‘व्हर्च्युअलायझेशन एक्स्पर्ट’ असं छापलेलं आहे. रायपूरच्या चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळात गणपतीच्या दिवसांत मी ते प्रसादाआधी वाटतो. प्रसादानंतर लोकांचे हात चिकट असतात. अशा मला तात्यापाऱ्यातल्या मामांनी “माझी एक्सपी त्या नवीन डब्यात टाकून दे” असं फर्मावलं, तर मी मनातून दुखावलोच. सर्जनला पायातला काटा काढायला बोलवावं, तसं वाटलं.

मामांची एक्सपी म्हणजे त्यांची धान्याची दलाली. फॉक्सप्रोतला प्रोग्राम, तो विंडोज एक्सपीवर, आणि ती एक्सपी व्हर्च्युअल मशीन होऊन एका म्हाताऱ्या कॉम्प्युटरच्या पोटात. तो कॉम्प्युटर आता घरघर करत होता. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला तेव्हापासून चालू हिशेब दुसऱ्या सॉफ्टवेअरात गेले. एक्सपीत उरली ती नुसती उधारी.

डिस्कची फाइल नव्या सर्व्हरला कळेल अशा रूपात बदलून घेतली, मशीन सुरू केलं, आणि मामांकडे अशा नजरेनं पाहिलं की त्यांनी निदान चहा तरी मागवावा. पडद्यावर निळं आलं. स्टॉप एरर, शेवटी सेव्हन-बी. म्हणजे विंडोजला स्वतःचीच डिस्क सापडत नाही. २००१ साली जन्मलेल्या एक्सपीजवळ आजच्या वेगवान व्हर्च्युअल डिस्कचा ड्रायव्हर असणार कुठून? मग डिस्क जुन्या आयडीई पद्धतीनं जोडली. तरी निळं. एक्सपीला आयडीईही कुठलीही चालत नाही. आधीच्या घरातली चिप तिनं रजिस्ट्रीत लिहून ठेवलेली असते. ती नोंद सैल करणं सोपं जातं ते जुन्या घरात, निघण्यापूर्वी. म्हणजे त्या घरघरणाऱ्या कॉम्प्युटरला पुन्हा उठवणं आलं.

“काय होऊन राहिलं बे?” मामा.

“मामा, स्टोरेज कंट्रोलरच्या लेअरला...”

“म्हणजे नाही होऊन राहिलं.”

शेजारचा इंजिनिअर मुलगा डोकावून म्हणाला, “अंकल, फेकून द्या ना. नवीन घ्या.” या वाक्याची मला खरोखर चीड आहे. मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा पाठिंबा बंद केला हे मलाही ठाऊक आहे. म्हणून तर तिला इंटरनेटचं वारंही लागू देत नाही. पण ‘नवीन घ्या’ म्हणणाऱ्याला आत काय आहे हे कधी विचारावंसं वाटत नाही.

रजिस्ट्री सैल केली, फाइल पुन्हा उचलून आणली, आणि एक्सपी उठली. ड्रायव्हरअभावी सोळा रंगांत. आणि त्या सोळा रंगांत ती वॉलपेपरवरची टेकडी!

या टेकडीबद्दल मला थोडं बोलू द्या. मशीन कुठं पळून जात नाही. चार्ल्स ओरिअर नावाच्या फोटोग्राफरनं १९९६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या सोनोमा भागात रस्त्याकडेला गाडी थांबवून तो फोटो काढला, साध्या फिल्मवर. मुळात तिथं द्राक्षांचे मळे. फायलोक्सेरा नावाच्या किडीनं वेली खाल्ल्या, त्या उपटल्या, गवत उगवलं, म्हणून टेकडी अशी हिरवीगार. पुढं तिथं पुन्हा वेली लागल्या. म्हणजे एका किडीच्या कृपेनं रायपूरच्या बँकांत, तहसिलीत, सायबर कॅफेत, मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास आणि कूलरमधलं पाणी संपलेलं असताना, आम्ही सगळे हिरवळीकडे बघत बसलो. मामा तर त्या टेकडीला आजही आमच्याकडचं मैनपाट समजतात. मी एकदा सोनोमा म्हटलं, तर म्हणाले, “तू गेला होता का तिथं?” मी मैनपाटलाही गेलेलो नाही.

असो. पुढची अडचण नेटवर्क कार्डाची. घरातल्या प्रिंटरसाठी जुनाच आयपी पत्ता द्यायला गेलो, तर विंडोज म्हणे, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलेला आहे. दुसरं कार्ड कुठंच दिसेना. ते जुन्या घरात राहिलेलं, पण नोंदीत जिवंत. डिव्हाइस मॅनेजरला अनुपस्थित उपकरणं दाखवायला लावली, तेव्हा सापडलं, फिकं पडलेलं. काढून टाकलं.

प्रोग्राम उघडला. मामांनी चष्मा बदलला आणि खुर्ची पुढं ओढली. पडद्यावर गावोगावची उधारी: आरंग, अभनपूर, तिल्दा, भाटापारा.

“मामा, तीन वर्षांत दावा लावला नाही तर असली उधारी कोर्टातनंही मिळत नाही.”

“पैसे कोण मागून राहिलं?” त्यांनी बाणाचं बटण दाबलं. “हा गेला. याचा पोरगा भिलाईला आहे. यानं देऊन टाकले असते, पण त्या साली पाऊसच नाही आला. हा रडतच यायचा, पण लग्नाची पत्रिका पहिली मलाच.”

मी ‘बॅकअपही घेऊ’ म्हणणार होतो, ते तसंच राहिलं. बराच वेळ ते वाचत होते, मी ऐकत होतो. भाटापाऱ्यापुढे यादी तशी मोठीच आहे.

“तुझे किती झाले?” मामांनी अचानक विचारलं.

“छे हो मामा, तुमच्याकडून काय घ्यायचं!” मी म्हणालो. असं म्हटलं की दुप्पट मिळतात, असा माझा अनुभव.

“फुकट नको. तुझं कार्ड दे.”

मी दिलं. मामांनी नवं खातं उघडलं आणि एका बोटानं कार्डावरचं अक्षर न् अक्षर टाइप करायला घेतलं. माझं नाव बसलं. त्यापुढं ‘व्हर्च्यु’ एवढंच मावलं आणि फॉक्सप्रोनं टुक् केलं.

“जागा संपली,” मामा म्हणाले आणि एंटर मारून रक्कम उधार टाकली.