चतुर्थी, रविवार आणि खारा वारा

शापोरा नदीत शिडाच्या होड्यांची शर्यत भरवायची, हा बेत चोपड्याच्या धक्क्यावर दर हिवाळ्यात शिजतो आणि पुढच्या पावसात वाहून जातो. पैशांवर तो अडत नाही, कारण बोलणे पैशांपर्यंत कधी पोचतच नाही. तो अडतो तारखेवर.

शर्यतीला वारा लागतो आणि पाणी लागते, आणि या दोघांचे पंचांग निरनिराळे. डोंगराकडून येणारा सकाळचा मतलई वारा दहा-अकरापर्यंत दमतो. मग तास-दीड तास शीड काठीला नुसते लोंबून राहते. दुपारी मोरजीच्या तोंडातून खारा वारा आत शिरला की संध्याकाळपर्यंत बघायला नको. तेव्हा वेळ ठरली, दुपारची. राहता राहिले पाणी. तिळारी या नावाने घाट उतरून, दोडामार्ग ओलांडून, हळर्ण-कोलवाळ करत आलेली ही नदी चोपड्याला पोचेपर्यंत चांगली रुंद होते, पण खोलीच्या बाबतीत तिच्यावर भरवसा ठेवू नये. २०१६ च्या कायद्याने तिला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २५ केले आहे. सुकती लागली की या राष्ट्रीय जलमार्गाच्या कडेला बायका गुडघाभर पाण्यात तिसऱ्या काढत उभ्या असतात. म्हणजे शर्यत भरतीवरच हवी. भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा हिशेब सोपा: तिथीला पाऊणने गुणावे. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. आपल्याला हवी दुपारी तीनची, कारण तेव्हा वारा ऐन भरात असतो. तीनला पाऊणने भागा. चतुर्थी!

इथे सगळे खूश होतात. गणपतीची तिथी, याहून चांगला मुहूर्त कोणता? मग कोणीतरी हळूच विचारतो, "शुक्ल की वद्य?" पाण्याला दोन्ही सारख्याच. पण वद्य म्हणजे संकष्टी. निम्म्या खलाशांना उपवास, चंद्रोदयापर्यंत जेवण नाही, आणि शर्यत हरलेला उपाशी माणूस हरकत घेण्याच्या बाबतीत फार चिवट असतो. बरे, शुक्ल घ्यावी तर ती रविवारी यायला हवी, कारण नोकरीवाले रविवारीच मोकळे. रविवारी आली तर त्या दिवशी पलीकडे शिवोलीत फेस्त नको आणि अलीकडे पेडण्यात जत्रा नको. असा रविवार शोधता शोधता मे उजाडतो, आणि मेमध्ये लग्ने असतात.

तरी मी नियमांचे पुस्तक वाचून ठेवले आहे. हे नियम वर्ल्ड सेलिंग ही संस्था करते. १९०७ साली पॅरिसमध्ये ती वेगळ्या नावाने जन्मली. दर चार वर्षांनी, ऑलिंपिक आटोपले की, ती पुस्तक नव्याने काढते. सध्या २०२५ ते २०२८ ची आवृत्ती चालू आहे. वाचायला घेतले तेव्हा वाटले होते, कायद्याची कलमे असतील. कलमे आहेतच, पण सगळी एकाच गोष्टीभोवती फिरतात: कोणी कोणाला वाट द्यायची, आणि नाही दिली तर मनाला कसे लावून घ्यायचे. कारण बहुतेक शर्यतींत शिटी घेऊन मागे धावणारा पंचच नसतो. आपण दुसऱ्याच्या वाटेत आलो हे ज्याचे त्याला कळले की त्याने मुकाट्याने बाजूला जायचे, होडी दोनदा गर्रकन गोल फिरवायची आणि मग पुढे निघायचे. बोयाला होडी घासली तर एकदाच. मला हा नियम गोव्याच्या रस्त्यांवर लागू झालेला पाहायचा आहे. वळणावर घुसलेल्या गाडीने शिवोलीच्या पुलाच्या तोंडाशी दोन फेऱ्या मारून मग पूल चढावा. पर्यटनाच्या हंगामात मग पुलाच्या तोंडाशी नुसत्या गाड्याच गोल फिरताना दिसतील, हा भाग वेगळा.

सुरुवात कशी करतात ते मात्र जरा निवांत सांगायला हवे. धावणारे रेषेवर पाय रोवून उभे राहतात. होडीला ती सोय नाही. कमिटीच्या बोटीवरच्या काठीपासून एका बोयापर्यंत नुसत्या नजरेने ओढलेली रेषा असते आणि तिच्या मागे होड्या घिरट्या घालत असतात. पाच मिनिटे उरली की त्या होड्यांच्या वर्गाचे निशाण चढते. चार उरली की तयारीचे, निळ्यात पांढरा चौकोन असलेले. एक उरले की ते उतरते आणि शून्याला वर्गाचेही उतरते. दर वेळी भोंगा वाजवायचा, पण वेळ धरायची ती निशाणावरून; भोंगा वाजलाच नाही तरी बिघडत नाही, असे नियमच सांगतो. हे वाचून मला मोरजीची कासवे आठवली. तिथल्या वाळूत हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. ती येतात रात्री आणि शर्यत दुपारी, त्यामुळे गाठ पडायची नाही. पण बिनभोंग्याची शर्यतही नियमात बसते हे माहीत असले की कासवे राखणाऱ्या वन खात्याच्या दारात पाऊल जरा ताठ पडते.

खरी पंचाईत निशाणांची नाहीच. चतुर्थीला तीन वाजता भरती भरली की पाणी थोडा वेळ थबकते आणि मग समुद्राकडे ओढू लागते. वारा समुद्राकडून, पहिला टप्पा वाऱ्याच्या तोंडावर, म्हणजे पाणी होड्यांना रेषेपलीकडे ढकलणार. एखादीच होडी वेळेआधी गेली तर पांढऱ्यावर निळी फुली असलेले निशाण लावून तिला परत बोलावतात. सगळ्याच गेल्या तर सगळ्यांनाच, आणि मोजणी पहिल्यापासून. पुन्हा ओढ, पुन्हा सगळे पलीकडे. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर कमिटीचा संयम सुटतो आणि काळे निशाण चढते. त्यानंतर शेवटच्या मिनिटात जो रेषेच्या पुढे दिसला तो बाद. शर्यत नव्याने सुरू केली तरी बादच.

आमच्या धक्क्यावर एक मामा येऊन बसतात. पूल व्हायच्या आधी या पाण्यावर त्यांची होडी चालायची, अजूनही जाळ्यासाठी काढतात. काळ्या निशाणाची गोष्ट ऐकून ते म्हणाले, "काळो बावटो कित्याक? नांगर टाका आणि गप बसा."

मी पुस्तक उघडून पाहिले. मामा नियमात होते. नियम ४५: शर्यत चालू असताना नांगर टाकता येतो, पुढे निघण्याआधी उचलून घ्यायचा एवढेच. नदीतल्या शर्यतीत वारा पडला आणि पाणी उलटे ओढू लागले की जाणते लोक हेच करतात. बाकीचे मागे वाहत जातात आणि नांगर टाकून बसलेला एकाच जागी राहून पुढे निघून जातो. त्याच नियमात आणखी एक सवलत आहे: खलाशांना तळावर पाय टेकून उभे राहता येते. हे लिहिणाऱ्याने शापोरा सुकतीला पाहिली असावी अशी माझी जवळजवळ खात्री आहे. होडी फक्त वाऱ्याने आणि पाण्याने चालली पाहिजे. वल्हवायचे नाही, शीड फडफडवून वारा घालायचा नाही, होडी डुचमळवून पुढे रेटायची नाही. पण रेतीत रुतली तर उतरून खांदा लावा, वल्ह्याने ढकला, सगळे चालते. इंजिन तेवढे लावायचे नाही.

वाट द्यायचे नियम सांगायला गेलो तेव्हा मामांनी मला अर्ध्यावरच थांबवले. दोन होड्यांची शिडे उलट बाजूंना असतील तर जिला वारा उजवीकडून लागतो तिचा मान, हे त्यांना तितकेसे पटले नाही. उजव्या-डाव्याचा हा भेद त्यांना पुढाऱ्यांच्या आसनव्यवस्थेसारखा वाटला असावा. पण दोघींची शिडे एकाच बाजूला असतील तर वाऱ्याकडच्या होडीने खालच्या होडीला वाट द्यायची, यावर ते लगेच म्हणाले, "दिऊकच होई. तिचो वारो तू खातंस मगे." इतके नेमके कारण मला पुस्तकात सापडले नव्हते. नदीला लागणारा आणखी एक नियम आहे. काठ जवळ आला, वळायचे आहे आणि शेजारची होडी आड येते आहे, तर जागा मागायची हाक द्यायची. ऐकणाऱ्याने स्वतः वळायचे, नाहीतर "तू वळ" म्हणून त्याला जागा करून द्यायची. दोन्ही बाजूंना तिवरे असल्यावर ही हाक दर दोन मिनिटांनी येणार. मामांच्या काळीही हाक होती. तिचे शब्द शर्यतीच्या सूचनापत्रात छापता येणार नाहीत.

एवढी निशाणे पाहिली, पण त्यात माझे लाडके एकच: लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे, शर्यत लांबणीवर टाकल्याचे. ते दोन भोंग्यांनी चढते, एका भोंग्याने उतरते आणि उतरल्यावर एका मिनिटाने मोजणी सुरू होते. वर आहे तोवर कोणी काही करायचे नाही. वाऱ्याची वाट बघत बसणे हे काम आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विनामोबदला चालू आहे. त्याला असे देखणे निशाण असते हे कोणी आधी सांगितले नव्हते. शर्यत चालवणाऱ्याची पारख मी तरी यावरूनच करीन. पाहुणे ताटकळलेत, मंत्री यायचे आहेत, जेवण निवते आहे, म्हणून जो वारा नसताना ते निशाण उतरवतो, त्याच्या हाती नदी देऊ नये.

पुस्तकातला पहिलाच नियम शर्यतीचा नाही, संकटात सापडलेल्याला मदत करण्याचा आहे. जिंकणे, हरणे, वाट, बोया हे सगळे त्यानंतर. १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये, बुसानच्या समुद्रात, कॅनडाचा लॉरेन्स लेमू आपल्या शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर होता. दुसऱ्या एका वर्गातली सिंगापूरची होडी उलटून दोघे पाण्यात पडलेले त्याने पाहिले. त्याने शर्यत सोडली, दोघांना उचलले, मदतीची बोट येईपर्यंत थांबला आणि मग बराच मागे राहून शर्यत पुरी केली. ज्यूरीने त्याला त्या शर्यतीत दुसराच क्रमांक दिला. ते औदार्य वगैरे काही नव्हते. मदत करताना गेलेली जागा भरून द्यावी, अशी नियमातच तरतूद आहे. मामांना हे सांगितले तेव्हा त्यांना त्यात बातमी काय तेच कळेना. बुडणाऱ्याला काढल्यावर नंबर कापायचा असतो का, एवढेच त्यांनी विचारले.

खरे तर आमच्या या भागात होड्यांचे सोहळे कमी नाहीत. फक्त पुढे कोण गेले, हा प्रश्न त्यांत कोणी विचारत नाही. समोर शिवोलीत २९ जूनला, सां पेद्रूच्या फेस्ताला, भर पावसात सांगोड निघतो. दोन होड्या एकमेकींना बांधून वर मांडव उभारतात आणि गात-वाजवत नदीतून नेतात. बांधलेल्या दोन होड्यांत पहिली कोणती? डिचोलीच्या बाजूला साखळीच्या विठ्ठलापुरात त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटीत सजवलेल्या नौका सोडतात, त्यांची स्पर्धाही होते. पण तिथे बघतात ते घडण आणि रोषणाई. वेगाने जाणारी नौका तिथे उलट नुकसानीत, परीक्षकांना ती नीट दिसायचीच नाही. अशा मुलखात पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन आणि ज्याचे गुण सगळ्यांत कमी तो विजेता, ही मोजणी समजावायची म्हणजे दोन संध्याकाळी जातात. शाळेत नेहमी कमी गुण मिळवणारे तेवढे चटकन समजतात.

बाकी कामे किरकोळ. बंदर कप्तान खात्याचा परवाना. अधिकृत सूचनाफलक, कारण बदल केला की तो ठरल्या वेळेआधी तिथे लागलाच पाहिजे. पंचायतीच्या फलकावर घरपट्टीच्या नोटिशीशेजारी जागा आहे. सकाळी सगळ्या तांडेलांना गोळा करून सूचना सांगायची बैठक, तिच्याआधी नारळ ठेवून गाऱ्हाणे. गाऱ्हाणे घालणारा वारा, पाणी, पोरेबाळे, काठ आणि काठापलीकडचे सगळे एका दमात सांभाळायला सांगतो आणि लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. सूचनापत्राला तेवढे एकमत कधी मिळणार नाही.

शेवटचा घोळ मामांच्या होडीचा. वेगवेगळ्या जातीच्या होड्या एकत्र सोडल्या तर प्रत्येकीला एक आकडा असतो आणि लागलेल्या वेळाला त्याने भागून निकाल लावतात. लेझर जातीच्या होडीचा आकडा अकराशेच्या आसपास. १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्सने मुलांसाठी आखलेली ऑप्टिमिस्ट हळू चालते, तिचा सोळाशेच्या आसपास. मामांच्या होडीला जगात कोणी आकडा दिलेला नाही. आम्ही अठराशे म्हणालो, मामांना तो अपमान वाटला. पंधराशे म्हणालो, तर ऑप्टिमिस्टवाल्या मुलांचे बाप उठले. शेवटी मामाच म्हणाले, "माका आकडो नको. वाटेर माझा जाळा आसा, ता उचलून येतंय. तितको वेळ वजा करा."

पुस्तक मी दोनदा चाळले. शर्यतीत जाळे उचलू नये असे कुठेही लिहिलेले नाही. तेव्हा सूचनापत्रात तेरावे कलम घातले आहे: वाटेतले स्वतःचे जाळे उचलणाऱ्या होडीचा तेवढा वेळ वजा धरण्यात येईल, शेवटे व काळुंदरे यांचा निम्मा वाटा कमिटीकडे जमा करावा, हरकत असल्यास कमिटीचे जेवण सुरू होण्यापूर्वी लेखी द्यावी.